वाटणीचं बटण

ज्याच्या घरी सोल्डरिंग आयर्न असतं त्या माणसाला सोसायटीत स्वतःचं आडनाव उरत नाही. तो 'सोल्डरवाले काका' होतो. डोअरबेल, रिमोटवर चालणाऱ्या गाड्या, मिक्सरचं बटण, गणपतीच्या आदल्या रात्री बंद पडलेली एलईडीची माळ, सगळं पिशवीतून त्याच्या दारात येतं. पिशवी आणणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "काही नाही हो काका, एक वायर सुटलीय फक्त." सुटलेली वायर नेहमी एकच असते. बाकीच्या घरी उघडून बघताना सुटलेल्या असतात, त्या हिशेबात धरायच्या नसतात.

माझा भाचा मात्र काहीच सुटलेलं नसताना आला. खांद्यावर लांबलचक काळी बॅग, बॅगेत इलेक्ट्रिक गिटार आणि गिटार ठणठणीत. मी तिथेच सावध झालो. बिघडलेल्या वस्तूचं काम कधीतरी संपतं. चालू वस्तू सुधारायला घेतली की ते संपायचं कसं, हे कुणालाच माहीत नसतं.

"मामा, यात कॉइल-स्प्लिट टाकून दे ना. एक स्विच बसवायचाय फक्त."

"आत्ता काय बिघडलंय?"

"काहीच नाही. यात हमबकर पिकअप आहेत. अजिबात हमिंग येत नाही."

"मग छान आहे की."

"स्विच ओढला की प्रत्येक पिकअपमधली एक कॉइल बंद होईल. मग सिंगल कॉइलसारखा आवाज येईल. पातळ, चमकदार."

"आणि हमिंग?"

"ते येईल थोडं. सिंगल कॉइलला येतंच ते."

मी तरुणपणापासून हमिंगच्या विरोधात आहे. व्हॉल्व्हचे रेडिओ असोत, टेपरेकॉर्डर असोत की मंडळाचा आरतीचा अँप्लिफायर, तक्रार एकच असायची, 'घूं असा आवाज येतोय'. उपायही ठरलेले. फुगलेला फिल्टर कॅपेसिटर बदल, अर्थिंग तपास, शील्डची जाळी कुठे तुटलीय ते बघ. घूं थांबलं की गिऱ्हाईक खूश आणि आपणही खूश. 'यात हमिंग नाहीये हो, जरा घालून द्या' म्हणत दारात उभा राहिलेला हा पहिलाच इसम, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा निघावा!

आता या भांडणाचं मूळ सांगायला हवं. तारेच्या थरथरीतून वीज काढायची कल्पना तशी साधी आहे. चुंबक घ्यायचा, त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे घालायचे आणि वरून स्टीलची तार ताणायची. तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत चिमूटभर वीज येते, ती अँप्लिफायरला द्यायची. १९३० च्या दशकात अमेरिकेत हवाईयन गिटारवर असा पिकअप बसवून विकायला आला आणि त्याच दिवसापासून गिटारीबरोबर एक फुकटचं वाद्य घरात शिरलं. कारण वेढ्यांना तारेची वीज कोणती आणि भिंतीतली कोणती हे कळत नाही. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याची मोटर, कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर, आसपास जे जे घुमतंय ते ते कॉइल ऐकते आणि इमानेइतबारे वर कळवते.

हे घुमणं कुठल्या स्वरात असतं ते एकदा पेटीवर लावून बघण्यासारखं आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पुरं करते. खर्जाच्याही खालची पांढरी पाच ४९ ला बसते. म्हणजे आपलं हमिंग पांढरी पाचच्या अर्ध्या-पाऊण श्रुतीने वर, तबलजीच्या हातोडीच्या एका ठोक्यात बसेल इतकं सुरात आहे. अमेरिकेत हाच आकडा ६० आहे, आणि ६० पडतो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. कुठल्याच पट्टीत नाही. ज्या देशात इलेक्ट्रिक गिटार जन्माला आली, तिथली वीज बेसूर आणि महावितरणची जवळपास सुरेल, हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याला माझ्या प्रकृतीची काळजी वाटली. पण पुढे ऐका. ही ५० ची लहर एकटी येत नाही, तिच्या पटीतल्याही येतात. १५० ला त्या षड्जाचा वरचा पंचम आहे आणि २५० ला गंधार. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंनी सिंगल कॉइलची गिटार अँप्लिफायरला जोडून शेजारी नुसती ठेवली, तरी तानपुऱ्याची सोय होईल. महावितरणने याचा आकार बिलात अजून लावलेला नाही.

गिटारवाल्यांना मात्र हा तानपुरा नको होता. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावात गिब्सनचा कारखाना होता आणि तिथे सेथ लव्हर नावाचा, रेडिओच्या कामात हात मुरलेला माणूस नोकरीला होता. माझ्या जातकुळीचा, म्हणून मला त्याच्याबद्दल विशेष आदर. अँप्लिफायरमधली घूं मारायला दोन कॉइल एकमेकींच्या विरुद्ध लावायची युक्ती त्याला ठाऊक होती, तीच त्याने पिकअपमध्ये आणली. जून १९५५ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, पेटंट हातात आलं जुलै १९५९ मध्ये. मधली चार वर्षं माल न विकता राहवेना, म्हणून पिकअपच्या पोटाला एक छोटं काळं लेबल चिकटवलं जाऊ लागलं, 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाचं. त्या लेबलाचे पिकअप आज 'पीएएफ' म्हणून ओळखले जातात आणि जोडीला हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. अर्ज प्रलंबित असल्याच्या पुराव्याला एवढा भाव येतो हे आपल्याकडे वेळीच कळलं असतं, तर कितीतरी घरांतली कपाटं सोन्याची झाली असती.

पुढची गंमत याहून सरस आहे. पेटंट मिळाल्यावरही काही वर्षं तेच लेबल चालू राहिलं. नंतर नंबर छापलेलं लेबल आलं, त्यावर नंबर होता २७,३७,८४२. हमबकरच्या पेटंटचा नंबर आहे २८,९६,४९१. मग लेबलावरचा नंबर कशाचा? तर गिटारवादक लेस पॉल यांच्या नावावरच्या, तारा अडकवायच्या शेपटीच्या पट्टीचा! कुणी म्हणतात, नक्कल करणाऱ्यांनी पेटंट कचेरीत जाऊन भलताच कागद काढावा म्हणून मुद्दाम केलेली ही चलाखी. कुणी म्हणतात, छापताना झालेली चूक. एखादा कारकून दुपारच्या चहाच्या घाईत चुकीचा आकडा उतरवतोय आणि मग तोच आकडा वर्षानुवर्षं चिकटवला जातोय, हे दृश्य मला इतकं ओळखीचं वाटतं की चलाखीवर माझा विश्वास बसत नाही.

याच सुमारास रे बट्स नावाचा दुसरा एक गृहस्थ ग्रेच कंपनीसाठी नेमका हाच उद्योग करत होता, आणि त्याचं पेटंट लव्हरच्या महिनाभर आधी मंजूर झालं. अर्ज कुणाचा आधी, निकाल कुणाचा आधी, यावर वाद घालायला आवडणाऱ्यांनी तो जरूर घालावा. सेथ लव्हर स्वतः १९६७ मध्ये गिब्सन सोडून फेंडरमध्ये गेला. फेंडर म्हणजे सिंगल कॉइलचं माहेरघर. तिथे जाऊन त्याने काय केलं असेल? फेंडरसाठी हमबकर बनवला. जन्मभर एकाच आवाजामागे लागलेल्या माणसाला नोकरी बदलून काय फरक पडतो!

युक्ती समजायला पुण्यातला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. वाड्यात दोन सख्खे भाऊ. एक पूर्वेला तोंड करून बसला तर दुसरा पश्चिमेला बसणार. बाहेरून बिल्डर येतो, दोघांपुढे तोच प्रस्ताव ठेवतो. एक 'हो' म्हणतो म्हणून दुसरा 'नाही' म्हणतो, बेरीज शून्य, आणि बिल्डर जिना उतरून परत जातो. हमबकरमध्ये हमिंगचं हेच होतं. दोन्ही कॉइलींचे वेढे एकमेकींच्या उलट जोडलेले, त्यामुळे भिंतीतली घूं एकीत अधिक येते तर दुसरीत उणे, आणि मिळून काहीच उरत नाही. मग तारेचा आवाजही असाच का मरत नाही? कारण दोघींखालच्या चुंबकाची टोकंही उलटी ठेवलेली असतात. उलट वेढा गुणिले उलट टोक म्हणजे सुलट. घरातल्या गोष्टीत दोघे भाऊ एकाच सुरात बोलतात आणि आवाज दुप्पट होतो.

कॉइल-स्प्लिट म्हणजे या वाड्याची वाटणी. दोन कॉइल जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात, तो सांधा स्विचवाटे अर्थला टेकवायचा. वाटणीत एकाला आवाज मिळतो आणि दुसऱ्याला जमीन. ज्याला जमीन मिळाली तो गप्प होतो. ज्याला आवाज मिळाला तो एकटा पडतो, आणि बिल्डर पुन्हा जिना चढायला लागतो.

यासाठी पिकअपमधून चार वायरी बाहेर आलेल्या असाव्या लागतात, शिवाय पाचवी उघडी, शील्डची. जुन्या पद्धतीच्या पिकअपमधून एकच वायर आणि वर जाळी येते. त्यात वाटणी करायची तर पिकअप फोडून आतल्या तारेला हात घालावा लागतो, आणि ती तार ४२ गेजची, म्हणजे मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी. माझ्या वयाच्या चष्म्यातून ती दिसत नाही, ती तुटल्यावर मात्र लख्ख कळतं. भाच्याच्या सुदैवाने वायरी चार होत्या. पण वायरींचे रंग हे स्वतंत्र प्रकरण आहे. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर हॉट, हिरवी अर्थ, आणि लाल-पांढरी ही एकमेकींना जोडायची जोडी. डिमार्झिओमध्ये लाल वायर हॉट, हिरवी तशीच अर्थ, आणि जोडी काळी-पांढरी. एक कंपनी कॅलिफोर्नियात, दुसरी न्यूयॉर्कला. देशाच्या दोन किनाऱ्यांवरच्या या दोन घरांचं एकमत फक्त हिरव्यावर झालंय. भाच्याच्या गिटारीत एक पिकअप या घरचा आणि एक त्या घरचा होता, कारण 'ब्रिजला एक भारी लागतो आणि नेकला वेगळा भारी लागतो'. म्हणजे वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांत सणवारही वेगळे.

स्विचसाठी गिटारीच्या लाकडाला नवीन भोक पाडायला भाच्याचा ठाम नकार होता. गिटारीला भोक पाडणं या लोकांत पाप मानतात. म्हणून टोनच्या नॉबच्या जागी पुश-पुल पॉट आणायचा ठरला. दिसायला नेहमीचा नॉब, पण वर ओढला की खालचा स्विच पडतो. तो शोधायला मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत गेलो. तिथे रेझिस्टर, आयसी, वायरी, स्पीकरच्या जाळ्या, काय वाटेल ते मिळतं, फक्त तुम्ही ते कशासाठी मागताय हे सांगावं लागतं.

"पाचशे के चा पॉट आहे का? पुश-पुल?"

दुकानदाराने मागे न बघता एक डबी काढली. "हा घ्या. पाचशे के, स्विचसकट."

"हा फिरवून बंद होतो. मला ओढून हवाय."

"बंद झाल्याशी मतलब ना?"

"बंद नाही करायचंय. ओढल्यावर कनेक्शन बदललं पाहिजे. सहा पायांचा असतो तो."

"तो पूर्वी गाडीच्या रेडिओत यायचा, ओढून चालू व्हायचा. आता कोण घेतं? कशाला पाहिजे तुम्हाला?"

मी सांगितलं. दोन कॉइल, त्यातली एक बंद, मग थोडं हमिंग येतं पण आवाज पातळ होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. एवढं शांतपणे माझं घरीही कुणी ऐकत नाही.

"हमिंग आणायला स्विच कशाला घालता, साहेब? अर्थची वायर सोडून द्या. येतंय की भरपूर."

शेवटी पॉट कुरिअरने मागवावा लागला. आल्यावर कळलं की परदेशी पॉटचा गळा तीन सुताचा आणि गिटारीचं भोक मिलिमीटरच्या हिशेबातलं, त्याहून बारीक. म्हणजे ज्या लाकडाला नवीन भोक पाडणं पाप होतं, त्याचंच जुनं भोक कानसून मोठं करणं मात्र पुण्यकर्म ठरलं. पॉटच्या दांड्यावरचे दातेही वेगळे, त्यामुळे जुना नॉब बसेना, नवीन आला तो बाकीच्या तिघांशी जुळेना. आणि पुश-पुल पॉट नेहमीच्या पॉटहून बराच खोल असतो, कारण त्याच्या पोटाखाली स्विचची पेटी लोंबत असते. गिटारीच्या पाठीवरचं झाकण जेमतेम बसलं. काही स्वस्त गिटारींची खोबण इतकी उथळ असते की झाकण न लावता वाजवणारे कलाकार मी नंतर पाहिलेत. पोटाला आतला स्विच टोचत असतो, चेहऱ्यावर त्याचे भाव येतात आणि लोकांना वाटतं, काय तन्मयता आहे!

सोल्डरिंगबद्दल मी जास्त बोलणार नाही, कारण मग मी थांबणार नाही. एवढंच सांगतो की अर्थच्या वायरी पॉटच्या पाठीवर चिकटवायच्या असतात आणि ती पाठ म्हणजे चांगला जाड पत्रा असतो. २५ वॅटचं आयर्न टेकवलं तर तो पत्राच सगळी उष्णता पिऊन टाकतो, सोल्डर वितळल्याचं नाटक करतं आणि वर गोळी होऊन बसतं. याला आमच्यात ड्राय सोल्डर म्हणतात. दिसतं जोडलेलं, असतं सुटलेलं. कार्यक्रमात तिसऱ्या गाण्यापर्यंत ते नीट वागतं. पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासावी, ६० वॅटचं आयर्न घ्यावं आणि पटकन उरकावं. आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून हा यज्ञ चालू होता, तेव्हा फ्लक्समधल्या राळेचा धूर जिन्यापर्यंत गेला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी 'आज काय, सत्यनारायण आहे का?' म्हणून दारातून विचारलं. भाचा 'हो' म्हणाला. काकू प्रसादासाठी संध्याकाळी परत आल्या, ते वेगळं.

स्विचचे सहा पाय दोन रांगांत असतात, एका पिकअपला एक रांग. मधल्या पायाला सांध्याची जोडी, आणि नॉब ओढल्यावर ज्या पायाशी संबंध येतो त्याला अर्थ. इथे मी माझं डोकं वापरलं. एका पिकअपचा सांधा अर्थला नेला, पण दुसऱ्याचा सांधा अर्थला न नेता त्याच्याच हॉटला जोडला. त्यामुळे पहिल्यात एका बाजूची कॉइल जिवंत राहते आणि दुसऱ्यात विरुद्ध बाजूची. असं का, ते भाच्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मामाकडे काहीतरी राखीव असावं.

मग टकटक चाचणी. गिटार अँप्लिफायरला लावायची आणि पिकअपच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक हळूच टेकवायचं. जिवंत कॉइलवर स्पीकरमधून सणसणीत 'टक' येतो, मेलेलीवर नुसती कुजबूज. नॉब खाली असताना दोन्हीकडे टक. नॉब वर ओढल्यावर एकीकडे टक, एकीकडे कुजबूज. आणि पाठोपाठ, इतक्या वर्षांनी माझ्या स्वतःच्या हाताने आणलेली ती चिरपरिचित घूं. भाच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"ऐकलंस? ऐकलंस मामा? कसला खुलला आवाज!"

आवाज बदलला होता हे खरं. पण बदलून काय झालं होतं? तर लहान झाला होता. ते अपेक्षितच आहे. आठेक हजार ओहमचा पिकअप चारेक हजारांवर आला म्हणजे पगार अर्धा झाला. तो फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखा होतो का, यावर या मंडळींत जुंपलेली असते. न होण्याची कारणं भरपूर आहेत. हमबकरच्या एका कॉइलला पाचेक हजार वेढे असतात, स्ट्रॅटच्या कॉइलला साडेसात-आठ हजार. स्ट्रॅटमध्ये प्रत्येक तारेखाली उभी चुंबकाची कांडी असते, इथे एकच आडवा चुंबक पोटाशी निजलेला. गिब्सनच्या तारेची लांबी पावणेपंचवीस इंच धरतात, फेंडरची साडेपंचवीस. हे सगळं भाच्याला पाठ होतं. तरीही तो म्हणाला, "पण जवळ जातो ना!" जवळ जाण्याचं समाधान मोठं असतं, म्हणून मी वाद घातला नाही.

त्याच्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, दोन्ही आवाज डोळे मिटून ऐकवले. ती म्हणाली, "पहिला गिटारचा होता आणि दुसऱ्यात फ्रिज चालू झाला." बँडमधला ड्रमर म्हणाला, फरक कळला, पण त्या वेळी भाच्याने नॉबला हातही लावलेला नव्हता. बेसवाला नुसताच मान हलवत होता, बेसवाले तशी ती हलवतातच. फरक कुणाला कळतो याचा मी बराच शोध घेतला आणि माझं मत असं झालं की तो फक्त पैसे देणाऱ्याला आणि सोल्डर मारणाऱ्याला कळतो. बाकीच्यांना कळते ती घूं.

या घूंचं एक वैशिष्ट्य मात्र मला नव्याने बघायला मिळालं. ती दिशेवर अवलंबून असते. कॉइल म्हणजे शेवटी एक अँटेनाच. तुम्ही खोलीत उभं राहून स्वतःभोवती फिरलात की घूं वाढते, घटते आणि एका ठिकाणी जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे सिंगल कॉइलवाले वादक सरावाच्या खोलीत शिरले की आधी गोल फिरतात. वास्तुशास्त्राच्या सल्लागारालाही लागणार नाही इतक्या बारकाईने हे लोक आपली दिशा ठरवतात आणि मग तिथेच घट्ट उभे राहतात, समोर भिंत असली तरी. भाच्याची शुभ दिशा आमच्या हॉलमध्ये फ्रेंच विंडोकडे पाठ आणि शू-रॅककडे तोंड अशी निघाली. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-तीनवर असला की घूं शिवाय कुरकुरही करते, म्हणून पंखा एक तर पाचवर नाहीतर बंद. पाचवर केला की त्याच्या वहीतली पानं उडतात. तारांवर हात टेकवून ठेवला की आवाज बसतो, कारण तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि घूं गोळा करणारं मोठं शरीर आपलंच असतं. म्हणजे शांतता हवी तर एक हात सतत तारांवर, पंखा बंद, तोंड शू-रॅककडे. या अवस्थेत तो घामाघूम होऊन तो 'खुललेला' आवाज वाजवायचा.

वाटणी झाली की मग वाटणीत सवलती सुरू होतात. आवाज लहान होतो म्हणून सांधा थेट अर्थला न नेता मध्ये एक-दोन हजार ओहमचा रेझिस्टर घालायचा, म्हणजे गप्प बसवलेला भाऊ थोडं थोडं बोलतो. त्याही पुढे जाऊन रेझिस्टरच्या जागी नॉब घालणारे आहेत, म्हणजे किती बोलू द्यायचं तेही फिरवून ठरवा. पीव्ही कंपनीने १९७८ मध्ये आणलेल्या टी-६० गिटारीत तर वेगळा स्विचच नव्हता, टोनचा नॉब एका टोकाकडे नेला की हळूहळू वाटणी होत जायची. आणि गिटारवादक जिमी पेजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वायरिंगमध्ये चारही नॉब ओढता येतात. त्यांची एकूण किती कॉम्बिनेशन होतात हे भाच्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी आयर्नचा प्लग काढून ठेवला.

मग त्याने पिकअपचा मुख्य स्विच मधल्या स्थितीत आणला, म्हणजे दोन्ही पिकअप एकदम चालू, आणि वाटणीचा नॉब वर ओढला. घूं बंद झाली.

तो थबकला. नॉब खाली दाबला, वर ओढला. शू-रॅककडे पाठ केली, खिडकीकडे गेला, पंखा तीनवर केला. तारांवरचा हात काढला. सगळीकडे शांत. आवाज मात्र पातळ, चमकदार, काचेसारखा, त्याला हवा होता तसाच.

"मामा, हे काय केलंस तू?"

मी राखून ठेवलेलं आता सांगितलं. एका पिकअपमधली या बाजूची कॉइल जिवंत ठेवली आणि दुसऱ्यातली त्या बाजूची. वाटण्या झाल्या खऱ्या, पण या घरचा थोरला आणि त्या घरचा धाकटा गॅलरीतून एकमेकांशी बोलतात. दोघांची तोंडं उलट, त्यामुळे बिल्डर पुन्हा बाहेर. तुझ्या गिटारीत आता तीन-चार इंच रुंदीचा एक नवीन हमबकर तयार झालाय, अर्धा डंकनचा आणि अर्धा डिमार्झिओचा.

त्या दिवसापासून तो दुसरं काही वाजवत नाही. मुख्य स्विच मध्ये, नॉब वर. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवताना त्याच्या मनगटाचा धक्का लागून नॉब खाली गेला, आवाज अचानक जाडजूड झाला आणि गायिकेने वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी तो परत माझ्या दारात, खांद्याला तीच बॅग.

"मामा, नॉब खाली जाणारच नाही असं काही करता येईल?"

"स्विच काढून टाकू? कायमचं जोडून देतो."

"नको नको. स्विच असू दे. लागला तर असावा."

टोनचा नॉब तसाही कुणी फिरवत नाही, म्हणून मी तो वर ओढून त्याच्या गळ्याभोवती इन्सुलेशन टेप गुंडाळून दिली, चांगली जाड. उरलेलं रीळ तो 'कार्यक्रमाला लागतं' म्हणून बॅगेत टाकून घेऊन गेला.